शिकायला निघताना बांधायची वळकटी



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा त्यांना आमच्याकडून १९६९ च्या माथाडी कायद्यावर भाषण हवे होते. आम्ही उलट लिहिले, की त्या कायद्यावर आम्ही तीस वर्षे बोलतच आहोत आणि मार्केट यार्डाच्या फाटकावर पुढेही बोलू. यंदा आम्हांस वळकटीवर बोलू द्यावे. चिटणीस मनात हसले असतील. हमालांच्या संघटनेत आयुष्य गेलेला, महाविद्यालयाची पायरी धड न चढलेला मनुष्य विद्यापीठाला निघालेल्या मुलांच्या सामानावर काय बोलणार? पण श्रोतेहो, ओझे कसे बांधावे, कोणी बांधावे आणि किती बांधावे, हे हमालाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असते?

एक खुलासा आधीच करतो. आम्ही 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणतो, तो मोठेपणा नव्हे. चळवळीत राहून जिभेला लागलेली ती सवय आहे.

परवा सकाळी आम्ही आमच्या गल्लीतून चाललो होतो. धाब्यावर, गच्चीवर, जिथे ऊन तिथे खाटा टाकलेल्या आणि त्यांवर पापड, कुरडया, बिबडे वाळत पडलेले. एका बाईंना सहज विचारले, "एवढे कोणासाठी?" त्या म्हणाल्या, "पोरगा पुण्याला जाईल ना शिकायला. एक डबा त्याचा." अजून निकाल लागायचा आहे, प्रवेशाची यादी लागायची आहे, पण खानदेशातल्या घरात मुलाची बांधाबांध वैशाखातच सुरू झाली आहे. पुढे आषाढात जळगावच्या फलाटावर आणि धुळ्याच्या बसस्थानकावर आपण हेच दृश्य पाहतो. बाप पिशवी धरून उभा, आई डब्याचे झाकण चौथ्यांदा दाबून पाहते आणि मूल गाडी येण्याची वाट पाहते. फार मोठा क्षण असतो तो. आणि आपण त्याची तयारी फक्त डब्यांपुरती करतो, असे आमचे म्हणणे आहे.

या निघण्याला आपल्याकडे इतिहास आहे. १९४५ च्या सुमारास अमळनेरला प्रताप महाविद्यालय आणि जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय निघाले. त्यापूर्वी मॅट्रिकच्या पुढे शिकायचे, तर खानदेश सोडल्यावाचून गत्यंतर नव्हते. पदवी मुंबई विद्यापीठाची, १९४९ नंतर पुणे विद्यापीठाची. आपल्या भागाला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९९० साल उजाडले. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. आसोद्याची ती बाई शाळेत गेली नव्हती, तिला लिहिता येत नव्हते. तिची गाणी दुसऱ्यांनी उतरून घेतली म्हणून राहिली. न शिकलेल्या शेतकरी बाईचे नाव ज्या विद्यापीठाच्या दारावर आहे, त्या मुलखात न शिकलेल्या आईबापांनी मुलाच्या शिक्षणाबद्दल बोलताना संकोच करण्याचे कारण नाही. आम्हीही त्याच बळावर उभे आहोत.

आता आमची गोष्ट सांगतो. साल १९८७. धुळ्यात वडील हमाली करीत. आम्ही बारावी झालो आणि पुण्याच्या एका महाविद्यालयात नाव लागले. आमच्या टोळीवस्तीत तो सणच झाला. एकाने पत्र्याची पेटी दिली, एकाने कुलूप दिले. आईने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. सतरंजीत गोधडी, गोधडीत उशी, वर सुताची दोरी, अशी वळकटी वडिलांनी स्वतः बांधली. पेटीत दोन सदरे, एक पायजमा, काळ्या मसाल्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, आणि शेजारच्या म्हातारीने दिलेला पाच रुपयांचा रुमालात बांधलेला आहेर. चाळीसगावपर्यंत एक गाडी, तिथून पुण्याची दुसरी. निघताना आई एवढेच म्हणाली, "सांभाळीसन ऱ्हायजो, भाऊ."

तिसऱ्या दिवशी आम्ही वसतिगृहाच्या आणि फीमाफीच्या अर्जासाठी खिडकीपाशी उभे राहिलो. कारकुनाने विचारले, "उत्पन्नाचा दाखला?" तो आमच्याजवळ नव्हता. धुळ्याला घरी, भिंतीतल्या कोनाड्यात राहिला होता. कारकून म्हणाला, "दाखल्याशिवाय अर्ज होत नाही." एवढेच. तो रागावला नाही, ओरडला नाही. मागे रांग होती. आम्ही बाजूला झालो. दोन दिवस पेटीवर बसून काढले आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी धरली.

मंडळी, आम्ही त्या माणसाला आठ दिवसांची मुदत मागितली असती तर ती मिळाली असती की नाही, हे आज सांगता येत नाही. पण आम्ही मागितलीच नाही. मुदत मागता येते, तिचा अर्ज लिहिता येतो, एक खिडकी नाही म्हणाली तर दुसऱ्या दारावर जाता येते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्या पेटीत मसाला होता, चटणी होती, म्हातारीचे पाच रुपये होते. मागण्याची हिंमत तेवढी कोणी बांधून दिली नव्हती. कोण देणार? ती वडिलांच्याजवळच नव्हती.

वडिलांनी एका शब्दाने विचारले नाही. पेटी खाटेखाली सारली आणि आठवड्याने आम्ही त्यांच्याबरोबर यार्डात पोती उचलू लागलो. पुढचे शिक्षण आमचे वाचनालयांत झाले. आधी धुळ्याच्या गरुड वाचनालयात, नंतर संघटनेच्या कामासाठी जळगावला आलो तेव्हा इथल्या १८७७ सालच्या जिल्हा वाचनालयात. ते शिक्षण वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. पण वाचनालय पदवी देत नाही, आणि एका कागदापायी मुलाने परत यावे, हे कुठल्याच मुलाच्या नशिबी येऊ नये. आज हे सारे सांगण्याचे कारण एवढेच.

आता ओझ्याकडे वळू. हमालीत पहिले शिक्षण असे, की पोते उचलण्याआधी हलवून पाहावे. दुसरे असे, की ज्याच्या पाठीवर जायचे, त्याच्या हाताला गाठ लागली पाहिजे. पूर्वी पोते शंभर किलोचे असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने नेहमीच्या कामात ५५ किलोंहून जास्त वाहू नये. तरीही पोते पन्नास किलोंवर आणण्यासाठी हमालांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, कारण पोते भरणारा एक आणि उचलणारा दुसरा. भरणाऱ्याला वजन कधी लागत नाही.

घरातही हेच होते. आमच्या मुलीने जळगावला पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला पुण्याच्या विद्यापीठात जागा मिळाली. आम्ही, संघटनेचा माणूस, मागण्यांची सनद लिहावी तशी बेचाळीस कलमांची यादी केली. घरच्यांनी ती अक्षरशः अमलात आणली. बादली, तांब्या, दोन गोधड्या, पोळपाट-लाटणे, दहा किलो दादर ज्वारीचे पीठ, आणि आम्ही निवडलेली अकरा पुस्तके. तीन मोठ्या पिशव्या झाल्या. त्या संध्याकाळी टोळीतले एक जुने हमाल घरी आले होते. त्यांनी एकेक पिशवी हलवून पाहिली आणि आम्हांस म्हणाले, "दादा, ही तुम्ही तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवा." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "मुलगी तिथे एकटी उतरणार. हमालाची पोर हमाल शोधत फिरणार का?"

मुलीने सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि पुन्हा आपल्या हातांनी भरल्या. बादली गेली, ती पुण्यात मिळते. पीठ गेले. आमची अकरा पुस्तके गेली, एक राहिले. खरे सांगायचे तर आम्हांस लागले ते. आम्ही म्हणालो, "ही पुस्तके आम्हांला तुझ्या वयात मिळाली नाहीत." ती म्हणाली, "म्हणून ती मी वाहायची का, दादा?" त्या रात्री आम्ही बराच वेळ जागे होतो. चाळीस वर्षे आम्ही पोते भरणाऱ्यांशी भांडलो, आणि आपल्याच घरात पोते भरीत होतो.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो, की मुलाची पिशवी मुलाने भरावी. आईबापांनी यादी करावी, सांगावे, आठवण द्यावी, पण गाठ त्याने मारावी. आणि मुलगा असेल तर हे दुप्पट आवश्यक. मुली बहुधा आपले आपण भरतात. मुलाची पिशवी मात्र आई भरते, आणि मग तो चार दिवसांत मळलेल्या कपड्यांच्या ढिगात बसतो. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात होते, तेव्हा मुलांचे मळके कपडे स्वतः धूत, त्यांच्या खोल्या आवरून ठेवीत. ते पाहून मुले ओशाळली आणि आपली कामे आपण करू लागली, ही हकिकत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली आहे. आज प्रत्येक वसतिगृहाला साने गुरुजी कुठून मिळणार? तेव्हा निघण्याआधी एक महिना मुलाने स्वतःचे कपडे धुवावेत, कुकर लावावा, बटण टाकावे. हे सामान वजनाला शून्य आहे आणि जन्मभर पुरते.

दुसरी गोष्ट कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात-वैधता, अधिवास, उत्पन्न, बँकेचे पुस्तक, आधार. मूळ कागद एका पिशवीत, छापील नकला दुसरीत, आणि फोटो काढून मोबाईलमध्ये. मूळ कागद सामानात टाकू नयेत, अंगाजवळ ठेवावेत. याला मोठी साक्ष आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिक्षण अर्धे ठेवून लंडनहून परतावे लागले. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने यायचे होते. महायुद्धाचे दिवस. ती बोट टॉर्पेडो लागून बुडाली आणि सामान समुद्राच्या तळाशी गेले. बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवलीच. सामान बुडाले, निश्चय बुडाला नाही. त्याच लंडनमध्ये रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून ते पुन्हा वाचायला बसत, असे त्यांच्या चरित्रात आहे. तेव्हा माताभगिनींनो, पापडाचा डबा मात्र जरूर द्या. त्याला आमचा विरोध नाही.

कागदांना पैशाचे मोल आहे, हेही सांगू. समाजकल्याण वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ती आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी २०२४ साली शासनाने माफ केली. हे उपकार नव्हेत, हक्क आहेत. पण हक्क खिडकीपाशी सिद्ध करावा लागतो, आणि तो कागदाने होतो.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. काही ओझी काट्यावर चढत नाहीत. "तुझ्यासाठी बैलजोडी विकली." "कापसाचे सगळे पैसे तुझ्यात गेले." "आमच्या कष्टांचे चीज कर." ही वाक्ये आपण प्रेमाने बोलतो, पण मुलाच्या पाठीवर ती क्विंटलाने बसतात. मग पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले की मूल घरी फोन करीत नाही. नापास झाले तर सांगत नाही. यावर आमचा उपाय आहे. हिशेब सांगावा, उपकार सांगू नये. एक वही घ्यावी. खोलीचे भाडे इतके, खाणावळ इतकी, घरून दरमहा इतके येतील, कर्ज इतके आहे आणि ते फेडण्याची जबाबदारी अमक्याची. एकदा मुलाला समोर बसवून ते वाचून दाखवावे आणि वही त्याच्याकडे द्यावी. हिशेब कळलेले मूल काटकसर शिकते. उपकार ऐकलेले मूल नुसते घाबरते.

तसेच बोलीचे. आपली मुले शहरात गेली की पहिल्या आठवड्यात 'ले' आणि 'ना' गिळू लागतात. कोणीतरी हसलेले असते. त्यांना सांगून ठेवा, की ग्रियर्सन नावाच्या विद्वानाने हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, त्यातल्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीची स्वतंत्र नोंद आहे. प्रमाण मराठी शिकावी, इंग्रजीही शिकावी, पण आईशी फोनवर अहिराणी बोलताना खोलीबाहेर जाऊ नये.

आणि ज्यांची गाठ आपल्याही आधी बांधली जाते, त्यांची आठवण ठेवू. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी मुलांपैकी कितीतरी जणांची पहिली वळकटी विद्यापीठासाठी नसते. सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेसाठी असते. ते मूल अठराव्या वर्षी जळगावला किंवा पुण्याला उतरते, तेव्हा घर सोडण्याचा त्याचा अनुभव आपल्या मुलांहून मोठा असतो. आपल्या मुलाला त्याच्या शेजारची खाट मिळाली, तर शिकायला आपल्याच मुलाला पुष्कळ मिळेल.

शेवटी सामान बांधण्यात समाजाचा हात किती, ते सांगतो. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. ती होती कष्टकऱ्यांसाठी, पण तिच्या स्वस्त झुणका-भाकरीवर बाहेरगावच्या गरीब विद्यार्थ्यांनीही दिवस काढले. म्हणजे पोती वाहणाऱ्यांनी शिकणाऱ्यांना जेवू घातले. आम्ही इथे तेवढे मोठे काही करू शकलो नाही. आमच्या कार्यालयात जून-जुलैमध्ये रोज संध्याकाळी एक टेबल मांडतो. मुले कागद घेऊन येतात, आम्ही ते तपासतो, काय कमी आहे ते सांगतो. आणि उठण्याआधी प्रत्येकाकडून एक अर्ज त्याच्याच हाताने लिहून घेतो. विषय असा: 'दाखला सादर करण्यास मुदत मिळण्याबाबत.' तारखेची जागा कोरी. तो कागद मुलाने पिशवीत ठेवायचा.

गेल्या वर्षी एका मापाड्याच्या मुलाला तो अर्ज खरोखरच द्यावा लागला. खिडकीवरच्या माणसाने वाचला, सही केली आणि दहा दिवस दिले. मुलाने फोन करून सांगितले, "दादा, त्यांनी काहीच विचारले नाही." आम्ही फोन ठेवला आणि काही वेळ तसेच बसून राहिलो. आमची ती पत्र्याची पेटी अजून घरात आहे. संघटनेच्या पावतीपुस्तकांसाठी ती वापरतो.

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त कारकून आहेत. आपल्यापैकी दहा जणांनी आपापल्या गल्लीत जूनमध्ये असे एक टेबल मांडावे. खर्च काही नाही, एक टेबल, दोन खुर्च्या आणि संध्याकाळचे दोन तास. पापड आया करतीलच. गोधडीही शिवतील. मागण्याची हिंमत तेवढी आपण सर्वांनी मिळून बांधून देऊ, म्हणजे खानदेशातले एकही मूल एका कागदापायी परतीच्या गाडीत बसणार नाही.